डावीकडे कोण होतं?

विमा कंपनीच्या प्रयोगशाळेत त्र्यंबकराव उमराणींचं स्वप्न पडद्यावरून हिरव्या रेघेसारखं संथ सरकत होतं. आपली बनियन गच्चीवर वाळताना सगळ्या गल्लीनं निरखावी, तसं त्यांना वाटलं.

त्यांची गाडी शिकाऊ होती. नव्या कायद्यानं स्वयंचलित गाडीलाही आधी शिकाऊ लायसन्स मिळे. आत पक्कं लायसन्स असलेला गुरुचालक जागा असल्याशिवाय तिनं चाक हलवायचं नाही. डोक्यामागच्या वेधउशीतून ती गुरूच्या मेंदूतले संकेत टिपायची आणि तसं वागायला शिकायची. मंगळवारी त्र्यंबकराव पुरणपोळी जेवून गाडीत बसले. उशी मऊ होती. डोळे उघडले तेव्हा गाडी एका रोपवाटिकेत, झेंडूत नाक खुपसून उभी होती. डावीकडचं दार सताड उघडं.

"गुरू झोपला म्हणजे शिकाऊ गाडी एकटी फिरली," कंपनीच्या मेंदूतज्ज्ञ डॉ. मृणाल पाठारे म्हणाल्या. "विमा रद्द, गाडी जप्त."

गाडी जप्त म्हणजे प्रभावतीबाईंची मंडई, देऊळ आणि मिरजेची बहीण, सगळंच जप्त. त्यांचे गुडघे आता जिन्यापुरतेच उरले होते. नवऱ्यामागे पर्स मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या.

वकील इनामदार उठले. "गुरू झोपला, पण थांबला कुठे? ही रेघ पाहा. हे स्वप्नात गाडी चालवत होते, ती निमूट ऐकत होती. चालक माझे अशील, आणि त्यांचं लायसन्स पक्कं!"

त्र्यंबकरावांना वकिलांची पाठ थोपटावीशी वाटली.

"मान्य," डॉ. पाठारे म्हणाल्या. "पण काका, या गाडीला क्लच नाही. मग डावा पाय सारखा का दाबत होता? तोही भलत्याच वेळी?"

"ती मामांची फियाट होती ना." त्र्यंबकरावांचा आवाज हळवा झाला. "मिरजेचा रस्ता. दोन्ही बाजूंना चिंचा. ऊनसुद्धा सावलीसारखं मऊ..."

"स्वप्नात वय किती?"

"अठरा."

"लायसन्स?"

"शिकाऊ."

इनामदारांनी डोळे मिटून घेतले.

"शेजारी मामा होते?"

"मामा चहाला उतरले होते."

"मग तुमच्याच युक्तिवादानं विमा गेला, वकीलसाहेब. शिकाऊ चालक, एकटा." डॉ. पाठारे थबकल्या. "पण प्रत्येक वळणावर काका डावीकडे बघतायत. आरशात नाही, शेजारी. तिथे कोण होतं?"

त्र्यंबकराव छताकडे बघू लागले. कोणी नव्हतं म्हणावं, तर गाडी जाणार. खरं सांगावं, तर मागे प्रभावती.

पर्सची चेन करकन ओढली गेली.

"अहो, सुलभा पेंढारकर होती. रोपवाटिकेच्या जागी पूर्वी तिची गल्ली होती, मला काय ठाऊक नाही? तेवढं सांगा, तिच्याकडे लायसन्स होतं का?"

"पक्कं," त्र्यंबकराव पुटपुटले. "वडिलांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं."

"घ्या लिहून," प्रभावतीबाई डॉक्टरांना म्हणाल्या.

गाडी जप्तीतून सुटली. परतताना प्रभावतीबाई डावीकडे बसल्या आणि त्यांनी नवऱ्याला डुलकी म्हणून घेऊ दिली नाही. त्र्यंबकराव टक्क जागे, नजर नाकासमोर. पण गाडी शिकलेलं विसरत नव्हती. रोपवाटिका आली तसा तिचा वेग मंदावला. झेंडूच्या कडेला ती अलगद थांबली आणि डावीकडचं दार अदबीनं उघडलं.

प्रभावतीबाईंनी ते ओढून घेतलं.

"इथे ती उतरायची गं," त्या गाडीला समजावत म्हणाल्या. "मला पुढे जायचंय."