जाब दिलेला साक्षीदार

ग्रिझेलच्या खानावळीत एडिनबरोहून प्रिंगल वकील आले होते, म्हणून मार्सली दुपारीच घरून निघाली. तिच्या लग्नाची साक्ष ते लिहून घेणार होते. आर्डव्हेनचे लॉर्ड वारले होते आणि चर्चमध्ये त्यांच्याशी लग्न लागलेली दुसरी बाई गढीत ठाण मांडून बसली होती. मार्सलीशी त्यांचं लग्न त्याच्या कितीतरी आधीचं. याच खानावळीत, ग्रिझेल आणि नावाडी ड्युगल या दोघांदेखत बोललेल्या एका वाक्याचं. स्कॉटलंडच्या कायद्याला तेवढं पुरे. पण ते शाबीत झालं नाही, तर तिची मुलगी मोराग जन्मभर अनौरस म्हणवली जाणार होती.

"लॉर्ड नेमकं काय म्हणाले?" प्रिंगलनी विचारलं. "'ही माझी बायको आहे' की 'होईल'? 'होईल' असेल तर सगळं पाण्यात."

"'आहे' म्हणाले!" ग्रिझेल ठसक्यात म्हणाली.

"एकटीची साक्ष चालत नाही, बाई. तो नावाडी कुठाय? ड्युगल?"

ड्युगल हिवाळ्यातच गेला होता. मार्सलीनंच त्याला शेवटची आंघोळ घातली होती.

तेवढ्यात दार उघडलं. समुद्रावरचं धुकं आत आलं, कुजलेल्या शेवाळाचा वास आला आणि मागोमाग ड्युगल आला. शेकोटीकडे न जाता तो दाराशीच बसला. ग्रिझेलनं टेबलाखाली मार्सलीचा हात गच्च धरला.

"म्हणा," प्रिंगलनी मान वर न करताच शपथ सांगितली. "देवाला जाब देईन, तसंच खरं सांगेन."

"देवाला जाब... दिला..."

"अहो, 'देईन' म्हणा!"

"दिलाय, साहेब..."

"काय हे व्याकरण!" पुटपुटत वकिलांनी ऐकलं तसंच लिहिलं. "बरं, लॉर्ड काय म्हणाले?"

"'ही माझी बायको... आहे.'"

त्यानं कागदावर फुली काढली आणि आला तसा धुक्यात निघून गेला.

"झालं! दोन साक्षी पुरल्या," म्हणत प्रिंगल घोडा बघायला बाहेर गेले.

"माझी पोर सुटली गं!" मार्सलीला रडू फुटलं. इतकी वर्षं छातीवर असलेला धोंडा उतरला होता.

"मेल्यानं जन्मात कधी वेळ पाळली नव्हती!" ग्रिझेल म्हणाली, आणि दोघी रडता रडता हसत सुटल्या.

विसरलेले हातमोजे घ्यायला प्रिंगल परत आले.

"नावाड्याबरोबर आलेले ते उंच गृहस्थ कोण हो? मघापासून धुक्यात उभे आहेत. आत चला म्हटलं, तर म्हणाले, घाई नाही... आत माझी बायको आहे, तिला न्यायला आलोय."