हवा खाणारी पुस्तकं

जाळी वाळत घालायच्या दोरीवर जाळी नव्हती, पुस्तकं होती.

अरविंद थांबला. नेरूळच्या नव्या इमारतींमागून सारसोळ्याच्या धक्क्याकडे जाणारी ही वाट त्याला रविवारी फिरता फिरता सापडली होती. शहाऐंशी सालच्या ऑक्टोबरातली दुपार होती. खाडीत भरतीचं पाणी चढत होतं, आणि भेंडीच्या झाडाच्या सावलीत चित्रकथांची पुस्तकं दोरीवर ओळीनं टांगली होती. राजे, राक्षस, उडते घोडे, अंतराळयानं... वारा आला की सगळी एकदम पंख हलवायची.

एक पुस्तक सुटलं आणि घसरत त्याच्या पायाशी आलं. तो उचलायला वाकला, तोच समोरूनही एक हात आला.

"विकायची आहेत का ही?" त्यानं विचारलं.

"नाय," ती म्हणाली. "हवा खातायत."

ती हसली नाही, पण डोळ्यांत काहीतरी चमकलं. तिचं नाव शांती. गावातल्या बालवाडीत शिकवायची. तिचे वडील दादू मासळी घेऊन मुंबईच्या बाजारात जात, आणि येताना फुटपाथवरच्या रद्दीवाल्याकडून लेकीसाठी एक चित्रकथा आणत. दादूंना वाचता येत नसे. मुखपृष्ठावर आवडलेलं चित्र बघून ते पुस्तक उचलत, त्यामुळे वाघावर बसलेल्या एका राणीची गोष्ट घरात तीनदा आली होती.

"दोरीवर मधली घडी मोडेल ना," अरविंद म्हणाला.

"मोडली तर शिवीन. तुमी कशी ठेवता?"

म्हणजे आपल्याकडेही आहेत, हे तिनं ओळखलं तर! अरविंद जरा गोंधळला. "एकेक प्लॅस्टिकच्या पिशवीत. पिशवीचं तोंड मेणबत्तीवर धरून चिकटवतो. मग डांबरगोळ्या टाकून कपाटात..."

"आनि वाचता कशी?"

"वाचत नाही."

शांतीनं हातातलं पुस्तक पुन्हा दोरीवर घातलं. "लोनचं बी बरनीतून काढून खातात, साहेब," ती म्हणाली.

अरविंद साहेब वगैरे नव्हता. एका बांधकाम कंपनीत तो नकाशे काढायचा आणि तळमजल्याच्या एका खोलीत भाड्यानं एकटा राहायचा. पण त्या दुपारी तो खोलीवर परतला तेव्हा कपाटासमोर बराच वेळ उभा राहिला. कपाट मात्र उघडलं नाही.

पुढच्या रविवारी तो पुन्हा गेला. मग दर रविवारी. उलट्या ठेवलेल्या होडीच्या सावलीत बसून तो तिची पुस्तकं वाचायचा. पानं डिंकानं चिकटवलेली, कडांना दोरा घातलेला, शेवटची पानं गायब. शेवट नसला की शांती स्वतःच सांगायची, आणि दर वेळी वेगळा.

"मागच्या खेपेला राजपुत्र मेला होता," तो म्हणायचा.

"मागच्या खेपेला तुमी उशिरा आला होता," ती म्हणायची.

पुस्तकं ती चुलीच्या खोलीतल्या माळ्यावर ठेवायची. तिथं पावसाळ्यातही ऊब असायची. शिवाय आळीत कुणी ना कुणी रोज एखादं मागून न्यायचं, परत आणायचं. "पडून राहिलं की वास धरतं," ती म्हणायची. "हाताळलं की जगतं."

एकदा तिनं विचारलं, "तुमच्यातलं एक द्या ना वाचायला."

अरविंदनं हातातलं पुस्तक मिटलं. मग त्यानं सांगितलं. त्याची आई सरस्वती दुसरी इयत्ता शिकलेली. लग्नानंतर अक्षरं विसरून गेलेली. गावी, कोरेगावकडे, तो शाळेतून आला की ती भाकऱ्या थापता थापता त्याच्या चित्रकथा बघायची. चित्रावरून अंदाज बांधायची, मग संवादाच्या फुग्यातलं एकेक अक्षर लावायची. अशी ती पुन्हा वाचायला शिकली. पान उलटताना हळदीचा अंगठा लागायचा. तो कॉलेजात असताना ती गेली. तेव्हापासून त्यानं पुस्तकं पिशव्यांत बंद केली होती.

"अंगठे पुसले जातील म्हणून...?" शांतीनं हळूच विचारलं.

त्यानं मान हलवली.

"नको मंग," ती म्हणाली. "मला नको."

पण पुढच्या रविवारी तो एक पिशवी घेऊन आला. तिच्यासमोरच त्यानं ती कात्रीनं कापली. समुद्राखालच्या एका नगरीची गोष्ट होती. मधल्या पानाच्या कोपऱ्यात फिकट पिवळा अंगठा. शांतीनं पदराला हात पुसले आणि मगच पुस्तक घेतलं.

"किती दिवस ठेवू?"

"वाचून होईपर्यंत..." तो म्हणाला. तिच्याकडे न बघता.

तिनं ते पुस्तक घरी मोठ्यानं वाचलं. दादू ऐकत होते. समुद्राखालची नगरी आली तेव्हा त्यांना राहवलं नाही. त्यांनी पान जवळ ओढलं, चित्र डोळ्यांशी नेलं. नुकतीच मासळी साफ करून उठले होते. हळदीच्या अंगठ्याशेजारी त्यांचा ओला अंगठा उमटला.

शांतीनं लपवलं नाही. अरविंद आला तेव्हा तिनं स्वतःच पान उघडून दाखवलं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"तुमच्याकडे सगळ्यालाच मासळीचा हात लागतो," तो म्हणाला.

दादू जरा अंतरावर जाळं दुरुस्त करत होते. त्यांनी ऐकलं. त्यांचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले.

शांतीनं पुस्तक पुढे केलं. "न्या तुमचं."

"ठेवा आता. बिघडलंच आहे."

तो निघून गेला. वाटेतच त्याला आपण काय बोललो ते कळलं होतं. पण मागे फिरायचं धैर्य त्याला झालं नाही... त्या रविवारी नाही, पुढच्याही नाही. थंडी गेली, उन्हाळा गेला. शांती दुपारी पुस्तकं टांगायची, आणि वाटेकडे पाठ करून बसायची.

पावसाळा लागला. तळमजल्याच्या भिंतींना ओल चढली, चुन्याचे पापुद्रे सुटले. श्रावणात आईचं श्राद्ध आलं, तेव्हा तिचे अंगठे बघावेत म्हणून अरविंदनं कपाट उघडलं. पिशव्या आतून घामेजलेल्या होत्या. मेणबत्तीनं बंद केलेल्या तोंडांतून आतली ओल बाहेर पडली नव्हती. त्यानं एक कापली, दुसरी कापली. पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली, काळे ठिपके पडलेली, बुरशीचा कडवट वास. तो जमिनीवर बसला. बाहेर पाऊस धरून होता.

दुपारी तो गोणपाटाचा गठ्ठा छातीशी धरून सारसोळ्यात शांतीच्या दारात उभा होता. नखशिखांत भिजलेला. गठ्ठा तेवढा छत्रीखाली.

शांतीनं त्याच्याकडे पाहिलं, मग गठ्ठ्याकडे.

"मी त्या दिवशी बोललो ते..."

"ते मंग बोला," ती म्हणाली. "आधी हे आत आना. पायरी निसरडी हाय, सांभाळून."

चुलीशेजारी पोतं अंथरून दोघं बसली. जाळं विणायची बांबूची पातळ पट्टी पानांच्या मध्ये हळूहळू सरकवत शांती एकेक पान सुटं करू लागली. अरविंद सुटलेलं पान चुलीच्या उबेला धरायचा. कधी दोघांची बोटं एकाच पानावर यायची, आणि कुणीही घाई करायचं नाही.

थोडी वाचली. बहुतेक गेली. पान सुटायचं ते नेमकं कोपऱ्यात फाटून. पिवळा अंगठा एकाही पानावर धड निघाला नाही. शेवटचं पुस्तक हातात भुगा झालं तेव्हा अरविंदनं मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. शांतीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

मग ती उठली, माळ्यावरून समुद्राखालच्या नगरीचं पुस्तक काढून आणलं. पानं मऊ, कोरडी. हळदीचा अंगठा होता तसाच होता. शेजारी दादूंचा, वाळून तपकिरी झालेला.

दादू दारात उभे होते. "मी पुसाया बघितला होता," ते म्हणाले. "ही बोलली, नको, पान फाटल. पोरा, मला सही येत नाय. नव्या शहराला जमीन दिली, त्या कागदावर लावला होता अंगठा, त्यानंतर हाच."

अरविंद उठला आणि त्यांच्या पाया पडला. "चुकलो मी, काका," एवढंच त्याला बोलता आलं.

"भिजलायस," दादू म्हणाले. "च्या घे आधी."

त्यानंतर रविवार पुन्हा सुरू झाले. आता तो दादूंनाही वाचून दाखवायचा. भाद्रपदातल्या एका संध्याकाळी, ओहोटीचं पाणी उतरताना, तो धक्क्यावर शांतीशेजारी बसला होता.

"माझ्या खोलीत ओल आहे," तो म्हणाला.

"म्हाईत हाय."

"तिथं पुस्तकं ठेवता येणार नाहीत. आणि एकट्यानं वाचायची म्हटलं तर... म्हणजे, मला आता..."

"एवढी पानं मोठ्यानं वाचता," शांती म्हणाली, "एक वाक्य बोलता येत नाय?"

तो तिच्याकडे वळला. "शांती, माझ्याशी लग्न कराल?"

तिनं उतरत्या पाण्याकडे पाहिलं. "तुमचे वडील माळकरी. आमच्या घरात जेवतील?"

"माहीत नाही," तो म्हणाला. खोटं बोलला नाही म्हणून तिला तो अधिकच आवडला. "विचारायला जातो. नाही म्हणाले तरी मी परत येईन."

"कधी जानार?"

"उद्या."

"मंग आज बसा थोडं," ती म्हणाली, आणि तिनं आपला हात त्याच्या हाताशेजारी ठेवला... मग हातावर.

त्याचे वडील कमळाकर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. "तुझी आई असती तर ती एव्हाना निघाली असती," एवढं बोलून ते गोठ्यात गेले. मार्गशीर्षात सारसोळ्यात लग्न लागलं, तेव्हा वऱ्हाडात अरविंदचे दोनचार मित्रच होते.

माघात एका सकाळी कमळाकर न कळवता सारसोळ्यातल्या घराच्या दारात आले. पिशवी मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसले. दादू आले, दोघांनी एकमेकांना राम राम केला. शांतीनं नवी भांडी काढली. वरण केलं, वांग्याची भाजी केली, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. पान मांडलं आणि बाजूला उभी राहिली. अरविंद तिच्याशेजारी येऊन उभा राहिला.

कमळाकरांनी पानाभोवती पाणी फिरवलं. भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, सावकाश चावला. दुसरा तुकडा मोडला.

"ही तांदळाची का?" त्यांनी विचारलं.

"हो," शांती म्हणाली.

"मऊ झालीय." त्यांनी वर पाहिलं, पहिल्यांदाच, तिच्या चेहऱ्याकडे. "अजून अर्धी वाढ, सूनबाई."