सावेलीची चिठ्ठी

“पुन्हा ओली! मार्फाबाई, चिठ्ठ्यांना आंघोळ घालून पाठवता की काय?” फादर निकोदिम माझ्या मेजाशी वाकून कुरकुरले. “शाई उतरते. नाव वाचायचं कसं मी?”

मी मार्था, मूळची नगरची. रशियातल्या ओनेगा सरोवराकाठच्या या गावी एका उन्हाळ्यापुरती आले, त्याला चौदा हिवाळे झाले. गावानं माझी मार्फा केली आणि चर्चमध्ये मेणबत्त्यांच्या मेजामागे बसवलं. लोक नावांच्या चिठ्ठ्या देतात. लाल क्रुसाची जिवंतांसाठी, काळ्या क्रुसाची मेलेल्यांसाठी. फादर ती नावं प्रार्थनेत वाचतात. नगरला आमच्या चर्चमध्ये मेलेल्यांसाठी प्रार्थनाच नसते, त्यामुळे मला दोन्ही कागद सारखेच.

ओली चिठ्ठी असायची माझ्या शेजारणीची, ग्लाफिराची. माझ्या पहिल्या हिवाळ्यात हिनेच मला स्वतःचे लोकरीचे बूट दिले होते. “घाल मुकाट्यानं. मेलीस तर या दगडासारख्या जमिनीत खड्डा कोण खणणार?” म्हणाली होती.

नोव्हेंबरात तिचा नवरा सावेली कोवळ्या बर्फावर मासे धरायला गेला, तो आलाच नाही. तेव्हापासून दर रविवारी ती लाल क्रुसाखाली दोन नावं मागायची: सावेली, ग्लाफिरा. तिचा हात थरथरायचा म्हणून मीच लिहायचे. लिहिताना कागद कोरडा असायचा. ती तो फादरांना नेऊन देईपर्यंत चिंब झालेला असायचा. घाम असेल, म्हणून मी सोडून द्यायचे. गावातही कोणी काही बोलत नव्हतं. “येईल हो,” म्हणायचे आणि सरोवराकडे पाठ फिरवायचे.

फेब्रुवारीत तिची नखं निळी दिसू लागली. एका दुपारी मी लाल बोरांचा मुरंबा घेऊन तिच्याकडे गेले. भट्टी धडधडत होती. तिनं चहाचे तीन पेले मांडले.

“तिसरा कोणाला गं?”

“गप बस. तुला काय दोन हवेत?”

भट्टीशेजारी सावेलीचे बूट होते. त्यांतून पाणी गळत होतं, आणि त्या पाण्यात हिरवं शेवाळ. बाहेर उणे तीस. सरोवरावर हातभर जाड बर्फ.

“हे बूट तूच भिजवतेस ना?” मी विचारलं.

ती हसली. “मी कशाला भिजवू? गारठलेला येतो बिचारा. जवळ घेते त्याला. पण ऊब धरतच नाही गं. माझीच जाते.”

मी नजर चुकवली, ती तिसऱ्या पेल्यावर पडली. चहावर बर्फाची साय धरली होती.

जिवंतांत नाव वाचतात म्हणून तो येतो, असलं काही मानणारी मी नव्हे. पण ही बाई मार्च बघणार नाही, एवढं माझ्या डोळ्यांना कळत होतं. पुढच्या रविवारी मी काळ्या क्रुसाचा कागद ओढला, झरझर लिहिलं, घडी घातली आणि तिच्या हाती न देता चिठ्ठी थेट आत पाठवली.

फादर मेलेल्यांची नावं वाचू लागले. ठाऊक असलेली, जुनी नावं. मग ते अडखळले.

“सावेली.”

दोघीतिघींनी ग्लाफिराकडे पाहिलं.

“ग्लाफिरा.”

फादरांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं.

तीन महिने ही दोन नावं मी एकापाठोपाठ एक लिहीत आले होते. हातानं आपली सवय पाळली होती.

लोकांनी घाईनं छातीवर क्रूस काढला. मागे वळून कोणी बघेना.

ग्लाफिरा सावकाश माझ्या मेजाशी आली. चर्च गारठलेलं होतं. सगळ्यांच्या तोंडून वाफ निघत होती.

तिच्या नाही.

तिनं माझा हात धरला. तिची बोटं कोरडी होती.

“चुकलं माझं,” मी म्हटलं. “मला फक्त त्याचंच नाव...”

“अगं वेडे, रडतेस काय?” तिनं माझ्या डोक्यावरचा रुमाल नीट केला, लहान मुलीचा करावा तसा. मग दाराकडे पाहिलं. दार बंद होतं, पण ती कोणाला तरी थांब म्हणावं तसं बोट वर करून उभी होती.

“सावेली मेलाय, मार्फा,” ती म्हणाली. “आता तो घरी यायचा नाही. मलाच जायला हवं.”