कासव सुरू होईपर्यंत

लिफ्ट बंद होती. जुना जडशीळ कॉम्प्युटर कवेत घेऊन ती वाचनालयाचा जिना चढत होती, आणि वळणावर... तो निसटलाच! खालून दोन हात आले.

"धरलाय. सोडा आता."

"नाही सोडणार. बाबांचा आहे," ती धापा टाकत म्हणाली. "त्या लिफ्टवाल्याला जरा तरी लाज वाटते का!"

"वाटते की थोडी," तो हसला. "मीच तो. आधी सभा, मग लिफ्ट."

दोघं निघाले होते एकाच सभेला. लोकांनी भंगारात काढलेल्या कॉम्प्युटरांना पुन्हा चालतं करणारी ‘कासव’ नावाची ऑपरेटिंग सिस्टिम काही हौशी मंडळी फावल्या वेळात बनवत. त्यांचा एक नियम होता – खोलीतलं सगळ्यात मंद मशीन सुरू झाल्याशिवाय सभा सुरू करायची नाही.

सगळ्यात मंद निघालं, अर्थातच, तिचं.

मग दर सभेला तेच. कासवातल्या नव्या दुरुस्त्या घालून घ्यायला ती मशीन आणी, बाकीचे चहाला पळत. पडद्यावर ठिपका लुकलुकत राही, आणि हे दोघं त्याच्यासमोर बसून असत. ती एक्स-रे काढायची नोकरी करायची.

"असं रोखून बघू नका हं," तो म्हणे. "आतलं दिसेल."

"दिसलं तर सांगेन..." म्हणत ती उगाचच मशीनवर हात ठेवी – तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

अर्धांगाच्या झटक्यात बाबांची वाचा गेली होती. नव्या कीबोर्डवर ते भांबावत. या जुन्यावर मात्र त्यांचं एक बोट बरोबर चाले. ‘मीठ कमी’ असं त्यांनी टाइप केलं, त्या दिवशी ती हसता हसता रडली होती.

आणि एका सभेत अध्यक्षकाका म्हणाले, "कासवाची पुढची दिशा आज ठरवून टाकू. दोन्ही डगरींवर हात नको. नव्या आवृत्तीतून ही अगदी जुनी मशिनं वगळायची. एकापायी सगळ्यांनी किती ताटकळायचं?"

हात वर व्हायला लागले. उद्या हे बिघडलं आणि नवं कासव यावर चालेना, तर बाबा बोलणार कसे? तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो नुसता चुळबुळत होता.

"थांबा!" तो एकदम उठला. कान लालबुंद. "हे मशीन मंद नाहीये. याला फ्लॉपी ड्राइव्हच नाही, आणि आपलं कासव सुरू होताना तोच शोधत बसतं. प्रोग्राममधली एक ओळ काढली की झालं. मला... केव्हाच कळलं होतं."

"मग काढली का नाहीस, गाढवा?"

"काढली असती तर – यांच्याशी बोलायचं कधी, काका?"

खोलीत एकच हशा उसळला. त्यानं ओळ काढली, मशीन पुन्हा चालू केलं. काकांचा चष्मा पुसून होतो न होतो तोच पडदा उजळला! वर गेलेले हात खाली आले. जुनी मशिनं राहिली.

हुश्श! तिनं मशीनवर हात ठेवला. मग राग आला. मग... तोही टिकेना.

"माझा जीव टांगणीला लावलात."

"चुकलो. काय शिक्षा?"

"हे घरी पोचवायचं. बाबांना भेटायचं."

त्यानं मशीन उचललं. "चला. लिफ्ट चालू आहे आज."

"माहीत आहे," ती जिन्याकडे वळत म्हणाली. "पण जिन्यानं... वेळ जास्त लागतो."