एक टक् कमी

“लेथ विकायचा नाही म्हणजे नाही!” ताईनं पाय आपटला.

“तुझं ऐकून माझे हात परत तरुण होणार आहेत का?” असं म्हणत आत्यानं बिघडलेला तिसरा पाय कोपऱ्यात भिरकावला. टेबलाचा पाय हं!

आत्या लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, कातकाम करायची. सुट्टी लागली की ताई, सतत डबे बडवणारा डबड्या आणि शेंडेफळ, ही तिन्ही भावंडं तिच्या कारखान्यात मुक्काम ठोकत. काय सुंदर दिवस होते ते! केसांत भुसा, खिशात लाकडाची कुरळी सालपटं, आणि आत्याच्या ओरडण्यातसुद्धा माया.

पाय कातून गोल झाला की आत्या लेथ बंद करी आणि त्यावर उभ्या पन्हळी कोरी. लेथच्या टोकाला भोकांची चकती होती. ती दोन भोकं फिरवायची, खिट्टी अडकवायची आणि गोल पटाशीनं वरपासून खालपर्यंत एक पन्हळ ओढायची. पुन्हा दोन भोकं, पुढची पन्हळ. आत्या चकतीकडे बघतही नसे. भोकावर खिट्टी टक् वाजली की तिला पुरे!

पण या सुट्टीत शेवटची पन्हळ दर वेळी पहिलीला जाऊन खेटत होती. वय झालं, मोजणं चुकतं, असं म्हणून आत्यानं हायच खाल्ली होती. लेथचं गिऱ्हाईक बाहेर आत्याच्या नवऱ्याशी, म्हणजे काकांशी, बोलतही होतं.

शेंडेफळानं तिन्ही पाय शेजारी ठेवले. “ताई, बघ! पाचवीनंतर जास्त जागा सुटलीय. तिन्हींवर!”

“हात चुकला असता, तर दर वेळी वेगळीकडे चुकला असता ना?” ताई पुटपुटली. “डबड्या, चकती फिरव!”

डबड्यानं डोळे मिटले. “टक्, टक्, टक्... अरे! इथे ताल तुटला! एक टक् कुणीतरी गिळली!”

तिथे भोकच नव्हतं! होता फक्त हिरवा रंग. सुट्टीच्या सुरुवातीला काकांनी हौसेनं लेथ रंगवला होता. ताईनं कंपासपेटीतलं कर्कटक खुपसलं आणि रंगाचा गोळा टपकन खाली पडला.

तेवढ्यात गिऱ्हाईक आत आलं. “चालवून दाखवा बघू!”

“पट्टा कुठाय?” काका ओरडले. लेथ फिरवणारा पट्टा शेंडेफळानं लपवला होता, सदऱ्याखाली, कमरेभोवती! दोघं मोठी माणसं गुडघ्यांवर बसून भुसा चिवडू लागली.

“आत्या, चौथा पाय गोल झालाय ना? पन्हळींना पट्टा लागत नाही. एकदाच ओढ!” ताईनं हात जोडले.

आत्यानं पटाशी उचलली. टक् टक्, पन्हळ. टक् टक्, पन्हळ. शेवटची पन्हळ अगदी हवी तिथे उतरली. आत्यानं अंगठा सगळीकडून फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला. तिचे डोळे भरून आले.

“बाई, असा हात असताना लेथ विकताय?” भुसा झटकत गिऱ्हाईक म्हणालं.

काकांनी जीभ चावली. “चकाचक दिसावा म्हणून रंगवला गं! पोरांनो, तुम्ही माझे कान उपटलेत. शाबास!”

आत्यानं तिघांना जवळ ओढलं. “मी रंगावर संशय घेतला नाही, चकतीवर घेतला नाही. घेतला तो स्वतःच्या हातांवर! तुम्ही नाही घेतलात.”

मग तिनं पटाशी पुसली, पण खुंटीला लावली नाही.

“पुढचं लाकूड आणा,” ती म्हणाली.