मिंडाला कुणी विचारलं नव्हतं

थिओला ग्रिम्बॉलने उभं आयुष्य शाळेची बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर बँकेच्या कर्जानं निळ्या दाराचं घर घेतलं. पुढे पडवी, मागे खाडी. ओहोटी लागली की चिखलाचा उग्र वास थेट स्वयंपाकघरात यायचा. नवऱ्याचं सगळं आजारपण भाड्याच्या खोलीत काढलेल्या थिओलाला तोही गोड वाटायचा. आता मरेपर्यंत कुणी ‘निघा’ म्हणणार नव्हतं.

सह्या करताना वकील फ्रेझरनी तिला थांबवलं होतं. मालकी हक्काचा हा विमा फक्त बँकेपुरता आहे, एखादा जुना हक्कदार उभा राहिला तर बँक सुटेल आणि तुम्ही बुडाल, तेव्हा स्वतःचा वेगळा काढा, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं.

“घर एक आणि विमे दोन?” थिओला हसली. “आणि या जुन्या घरावर आता कोण हक्क सांगायला येतंय, वकीलसाहेब? आलंच कुणी, तर बसवून लाल भात वाढीन.”

राहायला आल्यावर काही दिवसांतच तिच्या सपाता सकाळी पडवीवर दिसल्या, टोकं रस्त्याकडे केलेल्या. आपणच विसरलो असू, असं म्हणून तिनं त्या आत नेल्या. मग नवऱ्याचा फोटो पडवीतल्या खुर्चीवर आला, काच पुसून. मग बायबल आलं, दव लागू नये म्हणून स्वच्छ पंच्यात गुंडाळून. काही फुटलं नाही, काही हरवलं नाही. मुक्काम संपलेल्या पाहुण्याचं सामान जपून बाहेर आणून ठेवावं, तसं सगळं.

शेजारच्या इओलाला तिनं सांगितलं, तर ती खो खो हसली. “म्हातारी झालीस, बाई. उद्या स्वतःलाच बाहेर विसरून येशील.”

थिओला मात्र फ्रेझरकडे गेली. त्यांनी जुनं दप्तर काढवलं. फार पूर्वी हे घर एका माणसानं विकलं होतं. नवऱ्याच्या घरावर बायकोचाही हक्क असे, म्हणून त्या काळच्या कायद्यानं तिला नवऱ्यापासून दूर, वेगळ्या खोलीत नेऊन विचारावं लागे: बाई, राजीखुशीनं सोडतेस ना? नवऱ्याची सही होती. मिंडा नावाच्या त्या बायकोला कुणी विचारल्याची खूण कुठेच नव्हती. चर्चच्या आवारात तिची कबरही नव्हती.

“तुमचा स्वतःचा विमा असता, तर कंपनी निस्तरत बसली असती,” फ्रेझर म्हणाले.

“भुताशी?”

“हक्काशी,” ते म्हणाले. हसले नाहीत.

रविवारी प्रार्थनेनंतर पाद्रीबाबा मंडळींना घेऊन घराला आशीर्वाद द्यायला आले. त्यांचं प्रवचन बोलता बोलता कधी गाणं व्हायचं, कळायचं नाही. ते सूर उचलत, मंडळी तो झेलत, आणि ऐकणाऱ्याचं मन धुऊन निघे. पडवीत त्यांनी हाक घातली, “हे घर कोणाचं?” सगळे गाऊन उठले, “प्रभूचं!”

थिओलाचे डोळे भरले. सगळ्यांना तिथेच थांबायला सांगून ती एकटी आत गेली. विचारायचं तर रीतीनं, एकांतात विचारावं, असं तिला वाटलं.

स्वयंपाकघरात तिनं समोरची खुर्ची ओढून ठेवली.

“मिंडाबाई, तुम्हाला कुणी विचारलं नाही. वाईट झालं. मी विचारते. राहू का मी इथं?”

झाडूचा आवाज थांबला. थांबल्यावर तिच्या ध्यानात आलं, की तो इतका वेळ चालू होता.

बाहेर पाद्रीबाबांनी सूर वर नेला. “हे घर कोणाचं?”

थिओलानं तोंड उघडलं. गळ्यातून काहीच आलं नाही.

पडवीवरून जबाब आला. सगळ्यांच्या वर एक आवाज होता, भरदार, किंचित घोगरा, बसभर पोरांना गप्प करणारा.

तो तिचा होता.

“वा, थिओला,” बाहेर, त्या आवाजाच्या अगदी शेजारून, इओला म्हणाली, “आज गळा काय लागलाय तुझा.”

आत झाडू पुन्हा सुरू झाला. हळूहळू, तिच्या पायांकडे.