समतोल

दुपार कलली की ‘दोन्ही वेळ’मधल्या कपबशा आत जात आणि उंच दांड्यांचे ग्लास बाहेर येत. नाशिकच्या गंगापूर रोडलगतच्या एका गल्लीत, शिंप्याचं दुकान आणि दातांचा दवाखाना यांच्या मधोमध असलेली ही लहानशी जागा सकाळपासून कॉफीची होती आणि संध्याकाळी कॉकटेलची. सकाळ हेमांगी पिंगळेची आणि संध्याकाळ तिच्या थोरल्या भावाची, उन्मेषची, अशी वाटणी दोघांनी जागा घेतली तेव्हाच झाली होती. उन्मेष जाऊन आता वर्ष होत आलं होतं. दोन्ही वेळा हेमांगीच उभी राहत होती.

त्या दिवशीही तिने ओटा पुसला, हात धुतले आणि डबीतली पट्टी काढून तोंडात टाळूला चिकटवली. पट्टी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, पातळ आणि पारदर्शक. मग तिने दिवसातला पहिला ‘गोदाकाठ’ बनवला. पांढरी वाइन, पेरूचा रस, लिंबू, चिमूटभर मीठ, हिरव्या मिरचीचा अर्क आणि वरून किराईताच्या कडू काढ्याचे थेंब. घोट घेतला. तोंडात काहीतरी गार आलं आणि खाली गेलं. मागच्या फळीवरच्या यंत्राचा दिवा आधी पिवळा झाला, मग हिरवा. हिरवा झाला म्हणजे चव जमली. तिने उरलेला ग्लास मोरीत ओतला आणि बाहेरचा फलक उलटा फिरवला.

यंत्राचं नाव ‘रसज्ञ’. ऋतूंचा ताळमेळ बिघडल्यापासून एका बागेतले दोन पेरूही सारखे निघत नव्हते. आज गोड तर उद्या तुरट. रसात काय आहे हे साध्या यंत्रालाही मोजता येई, पण ते माणसाला कसं लागेल हे माणसाच्या तोंडावाचून कळत नसे. म्हणून ही पट्टी. घोट घेतला की जिभेला काय जाणवलं, तोंडाला पाणी किती सुटलं, जीभ किती आखडली, हे सगळं ती टिपून यंत्राला कळवी. त्यावरून रसज्ञ पुढचे सगळे ग्लास स्वतः भरत असे, एकसारखे. उन्मेषने ते आणलं तेव्हा गल्लीतल्या लोकांनी थट्टा केली होती. आता शहरातल्या बहुतेक कॅफेंमध्ये तेच होतं.

उन्मेष गेल्यावर हेमांगीला वाटलं होतं, संध्याकाळ बंदच करावी. पण यंत्रात त्याची चव साठवलेली होती, आणि कंपनीने ती तिच्यासाठी चालू करून दिली. पहिल्याच आठवड्यात लोक म्हणाले, अगदी उन्मेषच्या हातची चव आहे. तिने मान हलवली. तिला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. तेव्हापासून दिवस एकामागून एक येत गेले आणि ती फलक फिरवत राहिली. कुणी विचारलं तर ठीक आहे म्हणायची. ते खोटं आहे असंही तिला वाटत नसे.

त्या दिवशी वार्षिक तपासणीसाठी रेहाना तांबोळी आली. कंपनीतर्फे ती शहरातली सगळी यंत्रं बघायची. उन्मेषच्या वेळेपासून येत असल्यामुळे तिला पाणी कुठे ठेवतात हेही ठाऊक होतं. यंत्राच्या नळ्या धुऊन झाल्यावर तिने हेमांगीच्या पट्टीचे आकडे पडद्यावर घेतले आणि दोनदा तपासले. पट्टी खराब झालेली दिसते, असं म्हणून तिने नवी दिली. नव्या पट्टीचेही आकडे तसेच आले. मग तिने पेटीतून चार छोट्या कुप्या काढल्या. साखरेचं पाणी, मिठाचं, लिंबाचं आणि कोयनेलचं. प्रत्येकाचा एकेक थेंब हेमांगीच्या जिभेवर ठेवला.

कोयनेलचा थेंब ठेवल्यावर माणूस तोंड वाकडं करतोच. हेमांगी तशीच उभी राहिली.

“कडू आहे?” रेहानाने विचारलं.

“असेल.”

रेहानाने तिला पडद्यासमोर बसवलं. दोन रेषा होत्या. वरची रेषा जिभेची, ती प्रत्येक थेंबाला ठळक उसळली होती. खालची रेषा अंगाच्या प्रतिसादाची, ती टेबलाच्या कडेसारखी सरळ होती. ना तोंडाला पाणी, ना जिभेची थरथर.

“ताई, मी डॉक्टर नाही,” ती सांभाळून म्हणाली. “पण जिभेला कळतंय. तुम्हाला कळत नाहीये.”

मग ग्लास बरोबर कसे निघतात, हे हेमांगीने विचारलं. रेहानाने समजावलं. माणसाचं तोंड रोज सारखं नसतं. कधी सर्दी असते, कधी झोप झालेली नसते, कधी दुपारचं जेवण झणझणीत असतं. तेवढ्याने ग्लास बिघडू नये म्हणून यंत्रात ‘समतोल’ नावाची सोय आहे. माणूस नेहमीपेक्षा किती ढळला ते ती ओळखते आणि तेवढं गुपचूप भरून काढते. हेमांगीच्या बाबतीत ‘नेहमीची चव’ म्हणून उन्मेषची चव ठेवलेली होती. ती काहीही चाखो, समतोल ते उन्मेषच्या चवीपर्यंत ओढून नेत होता. गेले कित्येक महिने जवळजवळ सगळं कामच तो करत होता.

“म्हणजे मी नुसती उभी असते,” हेमांगी म्हणाली.

हात आणि आवाज यांच्यासाठीही आता समतोल येतोय, एवढं रेहानाने सांगितलं. शिवणकाम करणाऱ्यांचा हात थरथरला तरी टाका सरळ पडेल. फोनवर बोलणाऱ्यांचा आवाज दाटला तरी पलीकडे स्वच्छ ऐकू जाईल. कंपनीत सगळे त्यावर खूश होते.

हेमांगीने दादाचे आकडे बघायला मागितले. रेहाना जरा घुटमळली. मग तिने दाखवले.

उन्मेषच्या दोन्ही रेषा जिवंत होत्या, वर-खाली नाचणाऱ्या. त्यांच्याखाली समतोलची तिसरी रेषा होती. सुरुवातीला ती जमिनीला टेकलेली होती. मग एका उन्हाळ्यापासून ती चढायला लागली होती. कडू चव उन्मेषला हळूहळू फार जास्त लागायला लागली होती. तो काढ्याचे थेंब कमी करत गेला होता आणि समतोल ते परत वाढवत गेला होता. गिऱ्हाइकांचे ग्लास नेहमीसारखेच राहिले. स्वादुपिंडातली गाठ सापडली ती पुढच्या थंडीत, आणि तोवर डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात तो सकाळी तिच्यासमोर बसून कॉफी अर्धीच ठेवायचा, हे हेमांगीला आठवलं. फार कडू झालीय गं, म्हणायचा. तिने कॉफीच्या बिया दुसऱ्या ठिकाणून मागवायला सुरुवात केली होती. गिऱ्हाइकांना नवी कॉफी आवडली होती.

“हे कुणाला कळलं नाही?” तिने विचारलं.

“यंत्राला रोग ओळखायला शिकवलेलंच नाही, ताई. चव ढळली की ती सरळ करायची, एवढंच शिकवलंय.” रेहाना पेटी आवरत होती. “चव अशी बदलली म्हणजे तेच असेल, असंही नाही. माझ्या वडिलांची औषधाने बदलली होती. पण समतोल नसता तर कुणीतरी विचारलं असतं एवढं खरं. ग्लास गोड निघाला असता, कुणीतरी म्हणालं असतं, उन्मेष, आज काय झालं.”

हेमांगी बरं म्हणाली. तिने स्वतःच्या आवाजाकडे लक्ष दिलं. तो दूधवाल्याशी बोलताना असतो तसाच होता. रेहानाने तिला डॉक्टरांकडे जाऊन यायला सांगितलं, अगदी दंडाला धरून सांगितलं. त्यालाही ती बरं म्हणाली. मग समतोल बंद कसा करतात ते विचारलं. बंद करायला कंपनीची मनाई नव्हती, पण आजवर कुणी विचारलं नव्हतं. रेहानाने यंत्राच्या बाजूची कळ दाखवली आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हेमांगीने ती कळ दाबली. का दाबली, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. राग आला म्हणून नाही. रागाची जागा तिने आत चाचपून बघितली होती, तिथे काही नव्हतं. तिने ‘गोदाकाठ’ बनवला, घोट घेतला. गार. तिने लिंबू वाढवलं. मिरचीचा अर्क वाढवला. मीठ घातलं, परत घातलं. काढा ओतला. एकदा टाळूपाशी कुठेतरी बारीकसं काही टोचल्यासारखं झालं, तिथे ती थांबली. आता यंत्र दिवा लावत नव्हतं. जे तिने चाखलं तेच बरोबर धरून ते ग्लास भरायला लागलं.

पहिलं टेबल एका तरुण जोडप्याचं. त्यांनी एकेक घोट घेतला, एकमेकांकडे बघितलं आणि हळूच साधा सोडा मागितला. दुसऱ्या टेबलावरचा माणूस खोकत सुटला, काही न बोलता उठून गेला. हेमांगी सगळं बघत होती. तिने ग्लास उचलले, टेबल पुसलं.

तिसरं टेबल वाघचौरे काकूंचं होतं. काकू जिल्हा न्यायालयात लघुलेखिका होत्या. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळची फेरी झाली की खिडकीपाशी बसून एक ‘गोदाकाठ’ घेत. आधी गल्लीत कुजबुज व्हायची, पुढे लोक त्यांच्यासाठी ती खुर्ची रिकामी ठेवायला लागले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या साक्षी उतरवून घेतल्यामुळे की काय, त्या स्वतः मोजकंच बोलत.

त्यांनी घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं. ग्लास खाली ठेवला, पदराने तोंड टिपलं आणि मग, हेमांगी बघत होती म्हणून असेल, आणखी एक घोट घेतला. तोही गिळला.

“हेमा, इकडे ये,” त्या म्हणाल्या.

हेमांगी गेली. काकूंनी समोरची खुर्ची पायाने सरकवून दिली. गिऱ्हाइकं असताना ती कधी बसत नसे, पण बसली.

“तुला बरं नाही का गं?”

ठीक आहे, हे शब्द तयार होते. हेमांगीने तोंड उघडलं आणि ते बाहेर आले नाहीत. तिने पट्टी काढून हातात घेतली. मग एका सुरात, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं, सगळं सांगितलं. जिभेची रेषा, खालची सरळ रेषा, दादाचा तो उन्हाळा. काकूंनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

“मी वर्षभर रोज इथे बसले,” शेवटी त्या म्हणाल्या. “तू गप्प असायचीस, हे मला दिसत होतं. पण ग्लास इतका बरोबर यायचा. मला वाटलं, ज्या पोरीचा हात इतका शाबूत आहे तिचं चाललंय नीट. म्हणून विचारलं नाही.”

त्यांनी टेबलावरचा तिचा हात धरला. हात ऊन आहे, हे हेमांगीला कळलं. त्याचं पुढे काय करायचं, ते कळलं नाही. शेजारच्या टेबलावर ते जोडपं सोडा पीत बसलं होतं. शिंप्याच्या दुकानातून यंत्राची टकटक ऐकू येत होती.

“कधीपासून असं होतंय?” काकूंनी विचारलं.

हेमांगी आठवायला लागली. दादाच्या दहाव्याला कुणीतरी बळेच भरवलेला घास कसा होता? त्याआधी, इस्पितळाच्या उपाहारगृहात ती रोज जे खात होती, ते काय होतं? ते आंबट होतं की तिखट? की त्याही आधीपासून, नव्या बियांची कॉफी सगळ्यांना आवडली आणि तिने ती नुसती मापाने करून दिली, तेव्हाच? यंत्रालाही हे सांगता आलं नसतं. त्याने तिला कधी निराळं पाहिलंच नव्हतं. ज्या एका माणसाला सांगता आलं असतं, त्याचंही याच ओट्यामागे कुणाला काही कळलं नव्हतं.

काकू वाट बघत होत्या. घाई करत नव्हत्या.

“काकू,” हेमांगी म्हणाली, “मी आधी कशी होते, तुम्हाला आठवतं का?”